पीसीओएसजन्य वंध्यत्व : पूरके आणि औषधे यांची तुलना

पीसीओएस असलेल्या व अपत्यप्राप्तीसाठी येणाऱ्या रुग्णेच्या हाती आज बहुधा मायो-इनोसिटॉलची पुडी आधीच असते. ‘लेट्रोझोलऐवजी हेच चालू ठेवू का?’ हा तिचा प्रश्न वैद्यांना आणि औषधविक्रेत्यांनाही विचारला जातो.

उत्तर देण्यापूर्वी कोणत्या फलाची तुलना करावयाची, हे निश्चित केले पाहिजे. रजःप्रवृत्ती नियमित होणे, बीजोत्सर्ग होणे, गर्भधारणा होणे आणि जिवंत अपत्य जन्मणे या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. पूरकांची माहितीपत्रके बहुधा पहिल्या दोन पायऱ्यांवरच थांबतात. रुग्णा मात्र शेवटच्या पायरीसाठी आलेली असते. अमेरिकेतील ६२६ स्त्रियांच्या २००७ सालच्या अभ्यासात हे अंतर स्पष्ट दिसले. बीजोत्सर्ग झालेल्या स्त्रियांपैकी क्लोमिफेन गटात ३९.५ टक्के, तर मेटफॉर्मिन गटात केवळ २१.७ टक्के स्त्रियांना गर्भधारणा झाली. जिवंत अपत्यजन्माचे प्रमाण अनुक्रमे २२.५ व ७.२ टक्के होते.

पुढे २०१४ साली ७५० स्त्रियांच्या अभ्यासात हेच प्रमाण लेट्रोझोलने २७.५ टक्के, तर क्लोमिफेनने १९.१ टक्के आढळले. आपल्या देशात २०११ साली वंध्यत्वासाठी लेट्रोझोलच्या वापरावर आलेली बंदी २०१७ मध्ये उठली. तरीही काही सहकारी अद्याप ‘ते बंदीचे औषध’ असे सांगतात, हे योग्य नव्हे.

इनोसिटॉलचा पक्ष अगदीच पोकळ नाही. डी-कायरो-इनोसिटॉलच्या १९९९ सालच्या अभ्यासात २२ पैकी १९ स्त्रियांत बीजोत्सर्ग झाला. तुलनेच्या गटात २२ पैकी ६ स्त्रियांत. परंतु संख्या अल्प आणि मोजलेले फल बीजोत्सर्गाचे. इनोसिटॉलचा अपाय कमी, म्हणून ते सोबत देण्यास हरकत नाही. लेट्रोझोलचा पर्याय म्हणून मात्र देऊ नये.

हाच निकष आपल्या शतावरी, कांचनार गुग्गुळ इत्यादी कल्पांनाही लावला पाहिजे. आपल्या नोंदवह्यांत ‘पाळी आली’ हे असते, ‘प्रसूती झाली’ हे क्वचितच. सुश्रुताचार्यांनी ऋतु, क्षेत्र, अंबु आणि बीज हे चारही घटक गर्भासाठी आवश्यक मानले आहेत. बीजात पुरुषबीजही येते. म्हणून पतीची वीर्यतपासणी झाल्याखेरीज पत्नीला महिनोन्महिने औषधे देत राहणे अशास्त्रीय होय.

एक धोका विशेष लक्षात ठेवावा. बीजोत्सर्गाची औषधे वा पूरके चालू असताना पाळी लांबली, तर ती गर्भधारणा असू शकते. अशा वेळी मूत्रपरीक्षण केल्याशिवाय कासीस, टंकण असलेली रजःप्रवर्तिनी वटी देऊ नये, आणि औषधविक्रेत्यांनीही ती नुसत्या मागणीवरून देऊ नये. लेट्रोझोलही चिठ्ठीशिवाय देऊ नये; ते सोनोग्राफीच्या देखरेखीखाली, स्त्रीरोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्यावयाचे औषध आहे. रुग्णेचे वय पस्तिशीपुढे असेल, तर केवळ पूरकांवर सहा महिने घालविण्याऐवजी तिला प्रारंभीच त्यांच्याकडे पाठवावे. वजन, आहार व व्यायाम यांची चिकित्सा आपल्याकडे चालू ठेवता येते.