पापाची पुनरावृत्ती आणि शरणागती : मराठी ख्रिस्ती साहित्यातील एक आशयसूत्र

प्रास्ताविक

केलेल्या चुकीचा पश्चात्ताप व्हावा, पुन्हा तसे न वागण्याचा निश्चय करावा आणि काही दिवसांतच तीच चूक पुन्हा घडावी, हा अनुभव तुम्हांला अपरिचित नसेल. धर्मविचारात या अनुभवाला मोठे स्थान आहे. पनवेल शहरात बेने इस्रायल समाजाचे बेथ एल हे १८४९ सालचे प्रार्थनामंदिर आहे. मराठी मातृभाषा असलेला हा ज्यू समाज प्रायश्चित्ताच्या वार्षिक उपवासाला ‘दरफाळणीचा सण’, म्हणजे दार लावून घेण्याचा सण, म्हणत आला आहे. या दिवशी उपवास करून पापांची क्षमा मागितली जाते. हा दिवस दरवर्षी येतो, यातच माणसाच्या हातून दोष पुन्हा पुन्हा घडतात याची कबुली आहे. पश्चात्तापाची ही जाणीव ज्यू धर्मग्रंथांतून, विशेषतः दाविदाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्तोत्रांतून, ख्रिस्ती धर्मात आली. तेथे तिला कोणते वळण मिळाले आणि मराठीत ती कशी व्यक्त झाली, हे आता पाहू.

निश्चय अपुरा का पडतो?

नव्या करारातील रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात पौल या प्रश्नाला थेट भिडतो. चांगले काय ते कळते, ते करण्याची इच्छाही असते. तरी हातून घडते ते नको असलेलेच, अशी तेथील व्यथा आहे. येथे उणीव ज्ञानाची नाही, इच्छेचीही नाही. उणीव सामर्थ्याची आहे. म्हणून प्रत्येक वेळी अधिक कठोर निश्चय करणे हा पौलाच्या दृष्टीने पुरेसा उपाय ठरत नाही. निश्चय मोडला की माणूस निराश होतो आणि टिकला की त्याचा अहंकार वाढतो. दोन्ही वेळी त्याचे लक्ष स्वतःवरच राहते. शरणागती हे लक्ष स्वतःवरून ईश्वराकडे वळवते. आपण असमर्थ आहोत हे मान्य करून ख्रिस्ताच्या कृपेवर विसंबणे, असा तिचा अर्थ आहे.

मग कृपा आहेच, तर पाप करीत राहण्यास हरकत कोणती? ही शंका पौलाने सहाव्या अध्यायातच उपस्थित करून ठामपणे नाकारली आहे. शरणागती म्हणजे प्रयत्न सोडणे नव्हे. दोष मान्य करणे, ज्याचे नुकसान झाले त्याची क्षमा मागणे, मोहाचे प्रसंग टाळणे ही कर्तव्ये उरतातच. फक्त ती क्षमा मिळवण्याची किंमत म्हणून केली जात नाहीत. मिळालेल्या क्षमेला दिलेला प्रतिसाद म्हणून केली जातात.

मराठी साहित्यातील आविष्कार

हा विचार मराठीत व्यक्त करताना ख्रिस्ती कवींना परकी परिभाषा घडवावी लागली नाही. ‘पतित’, ‘पतितपावन’, ‘शरण’, ‘कृपा’ हे शब्द वारकरी संतांनी आधीच घराघरांत पोहोचवले होते. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांवर तुकारामांचा गाढ प्रभाव होता. ‘अभंगांजली’ या नावातूनच त्यांनी स्वीकारलेली काव्यपरंपरा स्पष्ट होते. संतांचा आर्त भाव त्यांनी कायम ठेवला. त्याचा विषय मात्र क्रुसावर प्राण देणारा येशू झाला.

या काव्यामागील माणूस लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये भेटतो. टिळक तापट होते. त्यांना राग क्षणात येई आणि तितक्याच लवकर ओसरे. धर्मांतरानंतर हा स्वभाव समूळ नाहीसा झाला, असे चित्र लक्ष्मीबाई रंगवीत नाहीत. पतीवरील श्रद्धा आणि त्याच्या दोषांचे मिस्कील, निर्भीड कथन त्यांच्या लेखनात शेजारीशेजारी नांदतात. त्यामुळे शरणागती ही एका दिवसात पूर्ण होणारी घटना नसून रोज नव्याने करावयाची कृती आहे, हे वाचकाच्या लक्षात येते.

पंडिता रमाबाईंचे आत्मकथन याच मुद्द्याची दुसरी बाजू दाखवते. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मात्र आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, ही जाणीव त्यांना सुमारे आठ वर्षांनी झाली, असे त्यांनी नमूद केले आहे. धर्माचा बौद्धिक स्वीकार आणि अंतःकरणाचे समर्पण यांत त्यांनी केलेला हा भेद महत्त्वाचा आहे. पुढे १९०५ साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये झालेल्या धार्मिक जागृतीत पापांची उघड कबुली हे ठळक लक्षण होते.

समारोप

पुन्हा पुन्हा पडणाऱ्या माणसासमोर दोन धोके असतात : दोषाला सरावणे आणि स्वतःविषयी आशा सोडणे. पहिल्यात पाप क्षुल्लक वाटू लागते, दुसऱ्यात क्षमा अशक्य वाटू लागते. शरणागतीची संकल्पना या दोहोंना विरोध करते. ती दोषाला दोषच म्हणते आणि परतीची वाटही उघडी ठेवते. ख्रिस्ती श्रद्धा मान्य नसलेल्या वाचकालाही या साहित्यातील प्रामाणिक आत्मपरीक्षणाचे मोल जाणवेल.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. निश्चय आणि शरणागती यांतील फरक पौलाच्या विचाराच्या आधारे स्पष्ट करा.
२. तुम्ही अभ्यासलेल्या तुकारामांच्या एका अभंगातील पश्चात्तापाच्या भावनेची टिळकांच्या एखाद्या कवितेशी तुलना करा.