विवाहजुळणीची संकेतस्थळे आणि ‘खासगी’ या शब्दाचा अर्थ

‘खासगी’ आणि ‘गुप्त’ हे शब्द व्यवहारात पुष्कळदा समानार्थी म्हणून योजिले जातात. परंतु त्यांच्या अर्थांत महत्त्वाचा भेद आहे. होळकरांच्या राज्यात ‘दौलत’ आणि ‘खासगी’ अशी उत्पन्नाची दोन खाती असत. खासगीचे उत्पन्न लपविलेले नव्हते. त्याचा विनियोग राजकुटुंबाच्या इच्छेने व्हावयाचा, एवढेच. तात्पर्य, खासगीपणाचा गाभा लपविणे हा नसून स्वामित्व हा आहे.

डेटिंगच्या संकेतस्थळांवरील माहितीची गळती या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. विवाहबाह्य संबंधांसाठी चालविलेल्या ‘ॲशले मॅडिसन’ या कॅनडातील संकेतस्थळावर जुलै २०१५ मध्ये घाला पडला आणि ऑगस्टमध्ये सुमारे ३ कोटी ६० लाख खात्यांची माहिती उघड झाली. १९ डॉलर शुल्क घेऊन खाते पुसून टाकण्याचे आश्वासन तेथे दिले जाई. प्रत्यक्षात पैसे भरलेल्यांचीही माहिती शिल्लक राहिली होती. शिवाय नोंदविलेला ईमेल पत्ता त्याच व्यक्तीचा आहे किंवा कसे, याची पडताळणी होत नसे. म्हणजे यादीत पत्ता आढळणे हा संबंधित व्यक्तीविरुद्ध पुरावाही ठरत नव्हता. बदनामीस मात्र तो पुरेसा होता.

आपल्याकडे हा प्रश्न मुख्यतः विवाहजुळणीच्या संकेतस्थळांसंबंधी उद्भवतो. उल्हासनगरचे उदाहरण घेऊ. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची ही वसाहत झाली व १९४९ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. पत्त्यात आजही कॅम्प, सेक्शन, बराक असा क्रम आढळतो. पूर्वजाच्या नावास ‘-आणी’ प्रत्यय लागून झालेली आडनावे कुळ सुचवितात. समजा, कॅम्प नं. ३ मधील एका मुलीच्या परिचयपत्रात नाव वगळले, परंतु आडनाव, जन्मतारीख, जन्मवेळ, शिक्षण आणि वडिलांचा व्यवसाय दिला. यांतील एकही गोष्ट गुप्त नाही. शेजाऱ्यांना त्या बहुधा ठाऊकच असतात. तथापि त्या एकत्र आल्या की हजारो घरांतून एकच घर उरते. त्यास छायाचित्र व दूरध्वनी क्रमांक जोडला गेला, म्हणजे तोतयाला खोटी ओळख उभी करावयास आणि खंडणीखोराला धमकावावयास साधन मिळते. गळतीने रहस्य फुटते असे नव्हे. माहितीवरील स्वामित्व जाते.

संरक्षणाच्या उपायातही एक पेच आहे. जून २०१६ मध्ये केंद्र शासनाने विवाह-संकेतस्थळांसाठी काढलेल्या सूचनांत सदस्यांची ओळख पडताळण्यावर भर होता. फसवणूक टाळण्यास ते आवश्यकच. परंतु पुराव्याची कागदपत्रे जितकी अधिक साठवावी, तितकी गळतीची हानी अधिक.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण अधिनियमात संमती मागे घेण्याची व माहिती पुसून घेण्याची तरतूद असून, सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. तरतुदी टप्प्याटप्प्याने अंमलात यावयाच्या आहेत.

दंडाने संस्था सावध होईल. एकदा पसरलेली माहिती मात्र परत येत नाही. म्हणून विवाह ठरल्यावर परिचयपत्र खरोखर नष्ट होते की केवळ दृष्टिआड होते, हाच या विषयातील कळीचा प्रश्न होय. त्याचे उत्तर मागण्याचा अधिकार माहिती देणाऱ्याच्या हाती राहील, तोवरच तिला ‘खासगी’ म्हणणे सार्थ ठरेल.