छायाचित्रातील निवेदक

कथात्म साहित्याच्या समीक्षेत लेखक आणि निवेदक ह्यांतील भेद सर्वमान्य झालेला आहे. छायाचित्राच्या बाबतीत मात्र कळ दाबणारा तोच सांगणारा, आणि समोर उभे असलेले माणूस हा केवळ त्याचा विषय, अशी समजूत दीर्घकाळ चालत आली. वसाहतकाळात जातीजमातींची ‘नमुनेवजा’ छायाचित्रे घेणाऱ्यांना तर ती सोयीचीच होती. गेल्या तीन-चार दशकांत काही भारतीय छायाचित्रकार स्त्रियांनी ही समजूत मुळापासून हलविली. एखाद्याची ओळख सांगण्याचा अधिकार कोणाचा, हा त्यांनी उभा केलेला प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला परका वाटू नये.

दयानिता सिंग ह्यांचे उदाहरण ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. १९८९ साली लंडनच्या एका वृत्तपत्रासाठी दिल्लीतील हिजड्यांची छायाचित्रे घेण्यास त्या गेल्या असता मोना अहमद ह्यांची गाठ पडली. चित्रे लंडनला छापली जाणार हे कळताच, तेथे आपले नातलग आहेत म्हणून मोना ह्यांनी फिल्म परत मागितली. आणि सिंग ह्यांनी ती देऊन टाकली. ह्या नकारातूनच पुढील दीर्घ स्नेह आणि २००१ मधील ‘मायसेल्फ मोना अहमद’ हे पुस्तक जन्मास आले. त्यात छायाचित्रे सिंग ह्यांची, पण मजकूर मोना ह्यांनी प्रकाशकाला धाडलेल्या ई-पत्रांचा. दत्तक मुलीचे थाटाचे वाढदिवस, तिचा वियोग, कब्रस्तानात थाटलेले बिऱ्हाड. ह्यांतले किती घडलेले आणि किती इच्छिलेले हे वाचकाला नेमके उमगत नाही. आत्मचरित्राची ही जुनीच खोड आहे. छायाचित्र तिला पुरावा पुरवील अशी अपेक्षा असते. येथे ते तसे करीत नाही, हेच ह्या पुस्तकाचे बळ.

पुष्पमाला एन. ह्यांनी निराळी वाट धरली. क्लेअर अर्नी ह्यांच्या सहकार्याने २००० ते २००४ ह्या काळात केलेल्या दक्षिण भारतीय स्त्रियांवरील मालिकेत रविवर्म्याच्या लक्ष्मीपासून मोजमापाच्या चौकटींसमोर उभ्या केलेल्या आदिवासी स्त्रीपर्यंत सर्व रूपे त्या स्वतःच धारण करतात. कल्पना तल्लख आहे. मात्र काही चित्रांत विडंबनाची गंमत अर्थापेक्षा वरचढ ठरते.

प्रश्नाची खरी कसोटी लागते ती गौरी गिल ह्यांच्या कामात, आणि तीही महाराष्ट्राच्या भूमीवर. २०१३ साली डहाणू तालुक्यातील गंजाड येथे त्या वारली चित्रकार राजेश वांगड ह्यांच्याकडे राहिल्या. वांगड एकेक जागा दाखवीत तिची हकीगत सांगत, आणि गिल त्या भूदृश्यात त्यांना उभे करून छायाचित्र घेत. पुढे ही चित्रे पाहताना त्यांना जाणवले की, जे ऐकले ते ह्यांत उतरलेच नाही. झाडे होती, टेकडी होती. देव, पूर्वज, उजाड झालेले रान नव्हते. तेव्हा त्या कृष्णधवल चित्रांवर वांगड ह्यांनी शाईने रेखाटन करावे असे ठरले. कॅमेऱ्याला एकच जागा आणि एकच क्षण ठाऊक असतो. वारली चित्रात अनेक काळ एकाच पृष्ठावर नांदतात. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने उमटणारी पांढरी रेषा येथे काळी होते, आणि आकाशासकट साऱ्या रिकाम्या जागा माणसांनी, पशूंनी, यंत्रांनी भरून जातात. ही छायाचित्राची सजावट नव्हे. मूळ संहितेच्या समासात लिहिता लिहिता तिच्याहून मोठी झालेली ही टीका आहे.

एक गोष्ट मात्र विसरता येत नाही. लग्नाचा चौक लिहिण्याचा मान वारली समाजात परंपरेने सवाष्णींचा. १९७० नंतर ही कला भिंतीवरून कागदावर आली आणि गंजाडच्याच जिव्या सोमा मशे ह्यांच्या हाती कीर्तीस पोचली, तेव्हा ती पुष्कळशी पुरुषांची झाली. एका स्त्रीच्या छायाचित्रावर आज पुरुषाचा हात फिरतो, आणि चौक लिहिणाऱ्या स्त्रियांचे निवेदन ह्या संवादाबाहेरच राहते.

जव्हारकडील कामात निवेदनाची वाटणी आणखी गुंतागुंतीची आहे. बोहाड्यात देवदेवतांचे मुखवटे नाचविण्याची तेथे परंपरा आहे. गिल ह्यांनी २०१५ च्या सुमारास तेथील कारागिरांना देवांऐवजी रोजच्या जगण्यातले मुखवटे करण्याची विनंती केली. कागदाच्या लगद्याचे हे चेहरे, काही माणसांचे, काही प्राण्यांचे, काही चक्क वस्तूंचे, घालून गावकरी घरात, दुकानात, रस्त्यावर वावरतात. ज्यांच्या चेहऱ्यांची एके काळी मापे घेतली गेली, ते आता स्वतः घडविलेल्या चेहऱ्याआडून पाहणाऱ्याकडे पाहतात.

गंजाडच्या चित्रांवर गिल आणि वांगड अशी दोन नावे असतात. जव्हारची मालिका २०१८ साली न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयात मांडली गेली, तेव्हा प्रदर्शनाच्या शीर्षकात नाव एकट्या गिल ह्यांचेच होते.