बागेचा ताण

संत सावता माळी यांचे अरण हे गाव सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात आहे. पंढरपूर तिथून फार दूर नाही. तरीही सावतोबा मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, असे परंपरा सांगते. इ. स. १२९५ मध्ये त्यांनी देह ठेवला, तोही अरणलाच. देवाच्या दारी न जाता भाजीच्या वाफ्यात राबणाऱ्या माणसाला आपण संत का म्हणतो? पुस्तके वाचून मला हे उमगले नव्हते. थोडेफार उमगले ते आमच्या संत्र्याच्या बागेत.

आमचे शेत जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. खाली पूर्णेकडे गेले की खारपाणपट्टा लागतो. वर पायथ्याला मात्र विहिरींना गोडे पाणी आहे, म्हणून इकडे संत्रा होतो. जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधून कलम तयार करतात. ते वीस-वीस फुटांवर लावले की पुढची चार-पाच वर्षे फक्त द्यायचे. घ्यायचे काही नाही. खोडाला पाणी लागले तर डिंक्या होतो, म्हणून भोवती दुहेरी आळे करायचे, बुंध्याला बोर्डो मलम लावायचे. ही कामे कष्टाची खरी, पण अवघड नव्हेत. अवघड आहे तो ताण.

ज्यांच्या घरी बाग नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. संत्र्याला सतत पाणी मिळत राहिले तर झाड पालवीच काढत राहते. मृग बहर धरायचा असेल तर ऐन उन्हाळ्यात त्याचे पाणी तोडावे लागते; हलक्या जमिनीत महिना-सव्वा महिना, भारी काळ्या जमिनीत त्याहून अधिक. वाढ थांबते, पानांनी तयार केलेले अन्न फांद्यांत साठते आणि मृगाचा पाऊस पडला की त्या साठ्यातून फुले निघतात. ताण कमी पडला तर बहर फुटत नाही. अति झाला तर झाडच वाळते. नेमका दिवस कोणत्याही पंचांगात नसतो. पाने कोमेजून पिवळी पडू लागली, काही गळाली, की जाणता माणूस ओळखतो.

मी बारावीची परीक्षा दिली त्या मे महिन्यात आबा आणि बाबा चार दिवस लग्नाला गेले होते. ताणाचे बावीस दिवस झाले होते. दुपारी पाने मिटलेली पाहून मला राहवेना. विहिरीत पाणी होते. दोन रात्री मोटार चालवून मी जवळजवळ सगळी बाग भिजवली, आणि खरे सांगायचे तर मोठे पुण्य केल्यासारखे वाटले. आठवड्याभरात नवती फुटली. हिरवीगार बाग पाहून मी खूश! आबा आले, धुऱ्यावर उभे राहिले आणि म्हणाले, "पोरा, झाड फुलावर आलं होतं. तू त्याले पाल्यावर आणलं."

त्या वर्षी मृग बहर आलाच नाही. कॉलेजचा खर्च त्याच बहरातून निघायचा होता. मी एक वर्ष घरी राहिलो. आबांनी त्याबद्दल पुन्हा एक शब्दही काढला नाही. ते मला रोज पहाटे बागेत न्यायचे, एवढेच.

आपल्या जिल्ह्यात 'श्रीगजाननविजय' ग्रंथाचे पारायण घरोघर होते. त्यात अकोलीच्या भास्कर पाटलाची कथा आहे. कोरड्या विहिरीला गजानन महाराजांच्या कृपेने पाणी लागले, तेव्हा भास्कर शेत सोडून महाराजांच्या मागे निघाला. ती विरक्ती थोर आहे, यात शंका नाही. पण मला सावतोबा अधिक जवळचे वाटतात. पाणी लागल्यावरही त्याच मातीत रोज उभे राहायचे, द्यायचे केव्हा आणि हात आवरायचा केव्हा हे झाडाकडूनच शिकायचे. त्यात आपल्या दयेचाही अहंकार सोडावा लागतो. माझी त्या दोन रात्रींची दया झाडासाठी नव्हतीच. न पाहवणाऱ्या माझ्या डोळ्यांसाठी होती.

आता उन्हाळ्याच्या सुटीत घरी गेलो की आबा मला पुढे धाडतात. पाने पाहून यायचे आणि ताणाचे किती दिवस उरले ते सांगायचे. गेल्या खेपेस माझा अंदाज पाच दिवसांनी चुकला.