परदेशी मोबाइल आणि घरचा क्रमांक

बँकेच्या नोकरीतील बहुतेक काळ नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत गेला. ‘मोबाइल क्रमांक खात्याला जोडून घ्या,’ हे वाक्य मोंढ्यातील आडत्यांना आणि गंजगोलाईतील दुकानदारांना मी किती वेळा ऐकवले असेल, याची मोजदाद नाही. त्या क्रमांकाचे खरे मोल मात्र मला उमगले ते अमेरिकेत, चिरंजीवांच्या घरी.

आम्ही उभयता सहा महिन्यांसाठी गेलो होतो. पहिल्याच आठवड्यात मुलाने तेथील प्रीपेड सिमकार्ड आणून दिले. माझा फोन एकाच सिमचा. म्हणून भारतातील कार्ड काढून पाकिटात ठेवले आणि विसरून गेलो. पाचव्या महिन्यात लातूरहून धाकट्या बंधूंच्या शस्त्रक्रियेची वार्ता आली. ठेव मोडून पैसे पाठवावयाचे ठरले. खाते उघडले, रक्कम लिहिली आणि ओटीपीची वाट पाहत बसलो. तो आलाच नाही. पैसे माझे, खाते माझे. किल्ली तेवढी हरवलेली. अखेर पुतण्याने एका व्यापारी स्नेह्यांकडून केवळ शब्दावर रक्कम उभी केली. आपल्या पेढ्यांतील विश्वास अजून शाबूत आहे याचे समाधान वाटले. पण जन्मभर इतरांना सावध करणारा मी स्वतःच गाफील राहिलो, याची खंत अधिक होती.

यामागील नियम साधा आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या 2013 सालापासूनच्या नियमानुसार, प्रीपेड क्रमांकाचा 90 दिवस कोणताच वापर झाला नाही आणि शिल्लक 20 रुपयांहून कमी असली, तर तो बंद केला जाऊ शकतो. पुढे तोच क्रमांक दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. म्हणजे आपल्या खात्याचे संदेश अनोळखी माणसाच्या हाती पडण्याचा धोका.

म्हणून प्रस्थानापूर्वी पुरेशा मुदतीचे रिचार्ज करावे आणि आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्यावे. संदेश येण्यापुरते रोमिंग ठेवून त्या सिमचा डेटा बंद ठेवावा, अन्यथा बिल पाहून छाती दडपते. भारतात येणारे कॉल 2003 पासून विनामूल्य झाले, त्यामुळे कॉल उचलण्याचेही पैसे पडतात ही गोष्ट आपण विसरलो आहोत. रोमिंगमध्ये मात्र ते पडू शकतात.

फोन दोन सिमचा असावा, किंवा एक सिमकार्ड आणि एक ई-सिम चालणारा असावा. परदेशात नवा फोन घेताना तो ‘अनलॉक्ड’ आहे ना, हे आधी विचारावे. हप्त्यांवर दिलेले स्वस्त फोन बहुधा एकाच कंपनीच्या सेवेशी जखडलेले असतात. भारतात आणल्यावर त्यात आपले सिम चालत नाही. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनमध्ये 2022 च्या चौदाव्या मालिकेपासून सिमकार्डाची खाचच नाही. तेथे सारा कारभार ई-सिमवर चालतो. हमीपत्र भारतात लागू आहे का, हेही पाहावे आणि पावती जपून ठेवावी. *#06# दाबल्यावर दिसणारा पंधरा अंकी आयएमईआय वहीत लिहून ठेवावा. फोन हरवल्यास तोच उपयोगी पडतो. दुबईला जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, की तेथे व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश जातात, पण कॉल सहसा लागत नाही.

परदेशी स्थायिक झालेल्या मुलांसाठी एक सोय झाली आहे. जानेवारी 2023 मध्ये नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने अमेरिका, ब्रिटन, सिंगापूर, संयुक्त अरब अमिरातींसह दहा देशांतील क्रमांकांवरून एनआरई व एनआरओ खात्यांना यूपीआयची मुभा दिली. आपल्यासारख्या पाहुण्यांच्या साध्या बचत खात्याला मात्र तिचा लाभ नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, एक खाते घरातील विश्वासू व्यक्तीसोबत संयुक्त ठेवावे, दोघांपैकी कोणालाही व्यवहार करता येईल अशा सूचनेसह. आणीबाणीच्या खर्चापुरती रक्कम त्यात असावी.

आपले पूर्वज परगावी निघताना तिजोरीची किल्ली घरच्या जाणत्या माणसाकडे सोपवून जात. आज ती किल्ली दहा अंकांची झाली आहे. विमानात बसण्यापूर्वी ती चालू स्थितीत आपल्या खिशात आहे ना, एवढे प्रत्येकाने पाहावे.