नांदेड-लातूर : हवेतले ११५ किलोमीटर

नकाशावर पट्टी ठेवली तर नांदेड ते लातूर हे अंतर भरते साधारण ११५ किलोमीटर. लोहा, अहमदपूर, चाकूर करत रस्त्याने गेलात तर १४०च्या आसपास. रेल्वेने जायचे म्हटले तर पूर्णा, परभणी, परळी, लातूर रोड असा वळसा पडतो आणि आकडा दोनशेच्या पुढे सरकतो. धावपट्टी दोन्हीकडे आहे. २००९ मध्ये दोन्ही विमानतळ एकाच खासगी कंपनीला भाडेपट्ट्याने दिले गेले. ‘उडान’ योजनेच्या पहिल्याच दिवशी, २७ एप्रिल २०१७ला, नांदेडहून हैदराबादची सेवा सुरू झाली. एटीआरसारखे छोटे विमान नांदेडहून लातूरला अर्ध्या तासात उतरेल. पण त्या विमानात बसणार कोण?

जुने रेल्वे-नकाशे चाळायची मला फार वर्षांची आवड आहे, आणि या प्रश्नाचे उत्तर मला तिथे दिसते. दोन्ही गावे निजामाच्या राज्यातली. नांदेडला विसाव्या शतकाच्या तोंडावर हैदराबाद-मनमाड मीटरगेज आली. लातूरला १९११ साली आली ती बार्शी लाइट रेल्वे, रूळ अडीच फुटी. एकाचे डबे दुसऱ्याच्या रुळांवर चालणेच शक्य नव्हते. नांदेडचा व्यापार हैदराबाद-मनमाडकडे वळला, लातूरचा कापूस कुर्डुवाडीकडे. मग एकमेकांकडे जायची सवय लागणार कशी?

ही बार्शी लाइट एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची. मराठवाड्याच्या इतिहासात या माणसाला दोन ओळीही मिळत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते. इंजिन असो की वाघीण, एका आसावर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही, हा त्याचा हट्ट. भार सारखा वाटला गेला की हलके रूळ पुरतात आणि खर्च आटोक्यात राहतो. १८९७ मध्ये बार्शीची गाडी सुरू झाली, १९०६ला ती पंढरपूरला पोचली आणि वारकऱ्यांची सोय झाली.

पुढे हाच माणूस विमानांकडे वळला. त्याचा मित्र चार्ल्स रोल्स, रोल्स-रॉइसमधला रोल्स, १९१० मध्ये विमान कोसळून गेला. कॅलथ्रॉपने मग वैमानिकांसाठी ‘गार्डियन एंजल’ नावाची हवाई छत्री तयार केली. छत्री विमानालाच बांधलेल्या डब्यात घडी करून ठेवलेली असे. माणसाने उडी मारली की त्याच्याच वजनाने ती बाहेर ओढली जाई. पहिल्या महायुद्धात शत्रूच्या मुलखात हेर उतरवायला ती वापरली, पण ब्रिटिश लष्कराने स्वतःच्या लढाऊ वैमानिकांना ती दिली नाही. उपाय हाताशी असताना तरणीबांड पोरे जळून मेली. याला मी गुन्हाच म्हणेन.

कॅलथ्रॉप १९२७ मध्ये वारला. त्याच वर्षी त्याची रेल्वे मिरजेला पोचली. लातूरची छोटी गाडी जाऊन ब्रॉडगेज यायला २००७-०८ उजाडले. एप्रिल २०१६ मध्ये तहानलेल्या लातूरला पाण्याची गाडी आली ती मिरजेहून, कुर्डुवाडीमार्गे, म्हणजे कॅलथ्रॉपच्याच जुन्या वाटेने. पहिल्या खेपेला दहा वाघिणींत पाच लाख लिटर.

शंकरराव चव्हाण, निलंगेकर, विलासराव, अशोकराव : या दोन जिल्ह्यांनी राज्याला चार मुख्यमंत्री दिले. महसूल आयुक्तालय कुठे असावे यावरून दोन्ही शहरे वर्षानुवर्षे हमरीतुमरीवर आली. त्याच जिद्दीने त्यांनी आता लातूर रोड-लोहा-नांदेड या सरळ लोहमार्गासाठी एकत्र भांडावे. विमानाचे नंतर बघता येईल.