मागच्या सीटवर कोण बसणार?

परवा धाकट्या भावाचा मुलगा घरी आला तो हातात चार मोटरसायकलींची रंगीत पत्रकं घेऊनच. नोकरी तुळजापूरला लागलेली, राहणं धाराशिवला. म्हणाला, "काका, तुम्ही जन्मभर बँकेत गाड्यांची कर्जं दिलीत. यातली कुठली घेऊ, सांगा." पत्रकांच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर 350 सीसीची एक दणकट गाडी होती. रविवारी मित्रांबरोबर नळदुर्गला, परंड्याला जायचा बेतही ठरलेला दिसला.

मी म्हटलं, "आधी चहा घे. मग हिशोब करू."

माझी पहिली मोटरसायकल जुनी, टू-स्ट्रोक होती. शेतीकर्जाच्या वसुलीसाठी मी तिच्यावरून खेडोपाडी फिरत असे. पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं, खिशात प्लग साफ करायला पॉलिश पेपर ठेवायचा आणि बंद पडली की सावली शोधायची. 1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 ही फोर-स्ट्रोक गाडी आली आणि मध्यमवर्गाच्या तोंडी 'अॅव्हरेज' हा शब्द कायमचा बसला. तोवर मोटरसायकल म्हणजे दूधवाला, पोलीस नाहीतर हौशी माणूस, अशी समजूत. त्यानंतर ती मास्तरांची, कारकुनांची, आमच्यासारख्यांची झाली.

तर हिशोब. धाराशिव ते तुळजापूर जाऊन-येऊन साधारण 45 किलोमीटर. महिन्याचे 26 दिवस धरले तर 1,170. दोन रविवारी नळदुर्ग, जाऊन-येऊन 110 प्रमाणे 220. म्हणजे महिन्याला 1,390 किलोमीटर. लिटरला 60 देणाऱ्या गाडीला 23 लिटर लागतील, 35 देणाऱ्या गाडीला 40. पेट्रोल शंभर रुपयेच धरलं तरी दर महिन्याला 1,700 रुपयांचा फरक. पोरगा गप्प झाला. मी म्हटलं, "यातला रविवार किती, तो बघ. सहावा हिस्सासुद्धा नाही. बाकी सगळी नोकरी आहे."

दुसरा हिशोब कर्जाचा, आणि हा वाचकांनीही नीट ऐकावा. '10 टक्के फ्लॅट' असं कोणी म्हणालं की हुरळून जाऊ नका. 90,000 रुपये तीन वर्षांसाठी फ्लॅट दराने घेतले तर व्याज 27,000. तेवढीच रक्कम 10 टक्क्यांनीच, पण घटत्या शिलकीवर घेतली तर व्याज सुमारे 14,500. दर तोच दिसतो, खिसा मात्र जवळजवळ दुप्पट रिकामा होतो. विचारायचं ते एवढंच, "सगळे हप्ते मिळून मी एकूण भरणार किती?"

मग गाडीच्या वजनाकडे वळलो. शंभर-सव्वाशे सीसीची गाडी साधारण 110 ते 125 किलोची, साडेतीनशेची 180च्या पुढे. बसस्थानकासमोरच्या गर्दीत, गतिरोधकावर, पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये ती सांभाळायची आहे. दोन्ही पाय जमिनीला पुरतात का, बंद गाडी एकट्याने मागे ढकलता येते का, हे शोरूममध्येच बघावं. दोघांनी शेकडो किलोमीटर महामार्गावर जायचं असेल तर मोठं इंजिन हा शहाणपणाच. पण बोरी नदीवरचा बंधारा, त्याच्या पोटातला पाणीमहाल आणि पावसाळ्यातले नर-मादी धबधबे बघायला सव्वाशे सीसीची गाडी आरामात पोचवते. किल्ला तेवढाच भव्य दिसतो.

"आणि मागे कोण बसणार?" मी विचारलं.

"मित्र. कधी आई. तिला मंगळवारी देवीला जायचं असतं."

या प्रश्नाशी मी का अडतो, ते त्याला माहीत नव्हतं. 1996 सालची गोष्ट. माझ्या शाखेतून एका तरुण शिक्षकाला मी मोटरसायकलचं कर्ज दिलं. पगाराचा दाखला, जामीनदार, विमा, गाडीच्या पुस्तकावर बँकेचा बोजा. एकही कागद मी सोडला नाही. तीन महिन्यांनी, साखर कारखान्यांचा हंगाम भरात असताना, दिवेलागणीला तो बायकोला मागे बसवून गावाकडे निघाला. रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली उभी होती. मागे दिवा नाही, चमकणारी लाल पट्टी नाही. तो वाचला. ती गेली.

विम्याच्या कागदांसाठी तो शाखेत आला तेव्हा माझ्या टेबलाकडे बघत एवढंच म्हणाला, "साहेब, हेल्मेट एकच होतं. तेही घरी."

त्या अर्जात माणसाच्या उत्पन्नासाठी सात-आठ रकाने होते, डोक्यासाठी एकही नव्हता. चूक ट्रॉलीवाल्याची, हे मला कळत होतं. पण त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, गाडीचं कर्ज मागायला येणाऱ्या प्रत्येकाला मी विचारत राहिलो, मागे कोण बसणार? काहींना राग येई, काही हसत. विचारायचं मी सोडलं नाही.

ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटर जाते. अंधारात ट्रॉली दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत हा सेकंद संपलेला असतो. म्हणून पत्रकात घोड्यांच्या ताकदीआधी ब्रेक आणि दिवा बघावा. 2019 पासून 125 सीसीवरच्या नव्या गाड्यांना चाक जाम होऊ न देणारं एबीएस सक्तीचं झालं, लहान गाड्यांना निदान दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लावणारी व्यवस्था. मागच्या माणसाला धरायला कडी हवी, चाकाला साडीगार्ड हवा. 'शोभत नाही' म्हणून तो काढून टाकणारे पुष्कळ आहेत. आणि आयएसआय शिक्क्याची हेल्मेटं दोन. ती गाडीच्या किमतीतच धरायची, नंतर घेऊ म्हणून ठेवायची नाहीत.

पोराने पत्रकं गोळा केली. काही बोलला नाही. मला वाटलं, म्हाताऱ्याने रविवारच्या बेतावर पाणी ओतलं.

चार दिवसांनी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, काय सांगितलंत पोराला? शोरूममध्ये मलाच मागच्या सीटवर बसवून बघितलं त्याने. पाय नीट टेकतात का, कडी हाताला येते का, दहादा विचारलं. लोक बघायला लागले."

"मग कुठली घेतली?"

"सव्वाशेची. आणि भाऊजी, माझ्या अंबाड्यावर ते टोपलं बसेना, तर म्हणाला, आई, अंबाडा खाली बांध. आता मंगळवारी देवीला मी वेणी घालूनच जाणार."